सज्ज्यासमोरचा आडोसा

५ फेब्रुवारी

मागच्या घराने पहिल्या मजल्यावर सज्जा काढला आहे. सज्जा काढण्याबद्दल माझी तक्रार नाही, तो कुठे काढला याबद्दल आहे. बाकीच्या बाजू मोकळ्या असताना नेमका आमच्या परसाकडे. त्यात सकाळ-संध्याकाळ एक माणूस बनियनवर उभा असतो. हातात चहाचा मग, नजर खाली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. याला तुंबड्याही लावता येत नसाव्यात, म्हणून नुसता बघतो. मी त्याचं नाव दुर्बीण ठेवलं आहे.

तो काय बघतो? माझी आई उजवा पाय ओढत, माझ्या दंडाला धरून, मागच्या पायरीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत जाते आणि परत येते, ते बघतो. पक्षाघाताच्या आधी ही बाई बस डेपोत वाहतूक नियंत्रक होती. तिने हात वर केल्याशिवाय फलाटावरून गाडी हलत नसे. आता ती 'पाणी', 'नको', 'हो' आणि असेच थोडे शब्द बोलते. समजतं मात्र सगळं.

दादाने फोनवरून अट घातली आहे. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. जूनअखेर माझी घरून काम करण्याची सवलत संपते आणि मला साइटवर परत जावं लागतं. तोवर आई कुणाला न धरता घरात आणि परसात फिरू लागली तर ती इथेच राहील, दिवसा सोबतीला बाई ठेवू. नाहीतर त्याच्या घराजवळचा वृद्धाश्रम. तो त्याला 'निवास' म्हणतो. त्याने फोटो पाठवलेत. फोटोत सगळे म्हातारे हसत आहेत, यावरूनच काय ते ओळखावं. आईला दाखवले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि मी फोन बाजूला ठेवेपर्यंत उघडले नाहीत.

म्हणजे आईने चालायला हवं. चालायला परस हवं. आणि परसात दुर्बीण नको.

७ फेब्रुवारी

आज तो बोलला.

"काय कंट्रोलरबाई, आज गाडी लेट?"

हा माणूस आईच्याच डेपोतला निवृत्त चालक आहे. ही सगळी वसाहतच डेपोवाल्यांची. आवाज अजूनही इंजिनाच्या वर चढवून बोलायची सवय. आजारी बाईला कुणी असं विचारतं?

आई थांबली. हनुवटी वर करून तिने डावं बोट त्याच्याकडे रोखलं आणि म्हणाली, "मेल्या!"

हा शब्द गेल्या तीन महिन्यांत तिच्या तोंडून आला नव्हता. पण शिवीला प्रगती म्हणणं मला मान्य नाही. मी तिला मागे वळवू लागले तर ती उलट पुढे ओढू लागली, थेट भिंतीपर्यंत, त्याच्या सज्ज्याच्या खाली. आत आल्यावर रक्तदाब मोजला. वरचा आकडा चढलेला. डॉक्टरांनी मनस्ताप टाळायला सांगितलं आहे.

१० फेब्रुवारी

रस्त्याच्या वळणावर चालकाला पुढचं किती अंतरापासून दिसलं पाहिजे, हे मोजणं माझं काम आहे. नजरेच्या रेषेत जे येतं ते मी काढायला लावते. झाडंही. झाड लावायची ही माझी पहिलीच वेळ. गणित मात्र तेच.

दुर्बिणीचा डोळा जमिनीपासून पाच मीटरवर, भिंतीच्या पलीकडे चार मीटर. आईचं डोकं दीड मीटरवर. ती पायरीशी असते तेव्हा भिंतीपासून नऊ मीटर लांब असते, तीच सगळ्यात अडचणीची जागा. भिंतीच्या आत एक मीटरवर झाडांची रांग धरली तर तिची उंची किमान तीन मीटर पासष्ट हवी. चार धरू. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दाट, बाराही महिने हिरवी, आणि मुळांनी सांडपाण्याची नळी फोडता कामा नये. मागणी स्पष्ट आहे. अशा मागणीला बाजारात काय उत्तर मिळतं ते बघायचं.

१४ फेब्रुवारी

उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे रोपवाटिकेचा मालक. उथळ पाण्याला खळखळाट फार.

"ताई, हे घ्या. डोळे मिटून लावा."

"पूर्ण वाढल्यावर पसारा किती?"

"तुम्ही म्हणाल तेवढा."

"पानं कधी गळतात?"

"आपली झाडं गळत नाहीत, ताई."

प्रत्येक झाडाला सावली चालते, ऊन चालतं, पाणी कमी चालतं, जास्तही चालतं. असा सगळं चालवून घेणारा नवरा असता तर हा स्वतःच त्याची बायको म्हणून नांदला असता.

मी एकेक बघितलं. सुरूचं झाड भराभर वाढतं, पण खालून उघडं पडतं. खाली खांब आणि वर झिपऱ्या, म्हणजे आडोसा फक्त पक्ष्यांना. उंच अशोकाच्या रांगा मला कार्यालयाच्या दारातल्या शिपायांसारख्या वाटतात, आणि दोघांच्या मधून सगळं दिसतं. मोरपंखी सुबक, पण आतून एकदा वाळली की तपकिरी भोक कायमचं. कण्हेरीचा चीक विषारी, आणि आई हाताला लागेल त्याचा आधार घेते. कण्हेर रद्द.

शेवटी दोन रांगा ठरवल्या. मागे उंचीसाठी बांबू, पण बेटाने वाढणारा. पळणारा बांबू पुढच्या वर्षी दिवाणखान्यात उगवेल. पुढे खालचा भाग झाकायला कामिनीची झुडपं. बांबू झाड नसून गवत आहे, असं मी सहज म्हणाले तर मालकाला ते लागलं. "आमच्याकडे गवत नाही विकत, ताई," म्हणाला.

२४ फेब्रुवारी

वाढलेली बेटं यायला अजून वेळ लागणार आहे. तोवर दुर्बिणीचा कार्यक्रम रोज चालू. आज:

"बाई, गाडी कुठं अडकली?"

आई बराच वेळ ओठ हलवत राहिली. मी म्हणाले, "चल आई, सोड." तिने माझा हात झटकला आणि तोंड वाकडं करून एकेक तुकडा बाहेर काढला, "ब्रेक. डाऊन."

तो मूर्ख वर हसत सुटला. हातातला चहा सांडला त्याच्या. स्वतःबद्दल आईला असं बोलावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. ती स्वतः मात्र परत येताना खांदे हलवत होती. रडत असावी म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. काही वेळा माणसाला एकटं सोडावं.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, आज्जींची चाल सुधारली. तिला काहीही दाखवलं की ती "छान छान" म्हणते. आईने तिच्याकडे असं बघितलं, जसं ती फलाटावर चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याकडे बघत असेल. छानछानला ते कळलं नाही.

९ मार्च

बेटं आली, लागली. माणसांनी खड्डे दोरीत घेतले नव्हते. पुन्हा खणायला लावले. मालक म्हणाला, "झाडं थोडी इकडं-तिकडं असली की नैसर्गिक वाटतं, ताई." मी म्हणाले, नैसर्गिक हवं असतं तर मी काहीच केलं नसतं आणि तण वाढू दिलं असतं.

आई पायरीवरच्या खुर्चीत बसून सगळं बघत होती. शेवटचं बेट उभं राहिलं तेव्हा तिने डावा हात वर केला, पंजा उघडा, समोरच्याला थांबवतात तसा. माणसांना वाटलं आज्जी टाटा करतात. त्यांनीही हात हलवले.

संध्याकाळी मी पायरीवर उभी राहून, मग वाकून, मग बसून बघितलं. सज्जा दिसत नाही. आठ मीटरवरच्या रांगेने तेरा मीटरवरचा गाढव नाहीसा केला. कामातलं समाधान म्हणतात ते हेच.

२ एप्रिल

कामिनीला नवी पालवी आली आहे. रांग भरली. मागून अधूनमधून आवाज येतो, "बाई आहात का?" मी उत्तर देत नाही. मग तो थांबतो. आठवडाभर तर आलाच नाही. अशा माणसांना प्रेक्षक लागतो.

आई दोन दिवस मागे गेली नाही. ऊन वाढलं आहे.

११ एप्रिल

ऊन नाही. आज ढग होते, तरी ती गेली नाही. मी बूट बदलले. जुन्यांचा तळ उजव्या बाजूला झिजला होता, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. नवे घातले. ती पायरीपर्यंत आली, समोरच्या हिरव्या भिंतीकडे बघितलं आणि खुर्चीत बसली.

"चल ना आई."

"नको."

"का?"

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "गाडी नाही."

तिचे शब्द अजून एकाच्या जागी दुसरे येतात. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं.

३० एप्रिल

मी पायरीशी कठडा बसवून घेतला. वाटेवर फरशा बसवल्या, खडबडीत, न घसरणाऱ्या. अर्ध्या वाटेवर बाक ठेवला. आई फरशांवरून चालत नाही. घरातल्या बोळात भिंतीला धरून थोडी चालते आणि मग पुढच्या खिडकीशी बसते. तिथून लांब मोठ्या रस्त्याचा एक तुकडा दिसतो, बस गेली तर दिसते. बस गेली की तिचं बोट मांडीवर हलतं.

शब्द वाढलेले नाहीत. खरं तर कमी झालेत. 'मेल्या' पुन्हा आला नाही, हे चांगलंच. पण 'पाणी'ही आता खुणेने मागते.

छानछानला विचारलं, सुधारणा का थांबली? म्हणते, "होतं असं. त्यांच्या मनाने घ्यायला हवं ना, ताई." मनाने! पदवी कुठून घेतली असेल?

१८ मे

सगळं पुन्हा तपासलं. वाटेचा उतार योग्य. कठड्याची उंची योग्य. औषधं वेळेवर. रक्तदाब उत्तम, इतका स्थिर आलेख मी माणसाचा बघितला नव्हता. कुणी बघणारं नाही, कुणी टोमणे मारणारं नाही. तिला लाज वाटावी असं काही उरलेलं नाही.

आकडे बरोबर आहेत आणि उत्तर चुकतं आहे. माझ्या कामात याचा अर्थ एकच असतो. प्रश्नच चुकीचा लिहिला आहे. पण कुठे चुकला ते मला दिसत नाही. आज हे लिहिताना चिडले आहे.

६ जून

दादा येऊन गेला. आईला उभं केलं, म्हणाला, "चल आई, दाखव मला." लहान मुलाला पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावतात तसं. ती बाकापर्यंतही गेली नाही. कठड्याला धरून उभी राहिली आणि मग बसली.

"बघ," दादा मला म्हणाला, "मी आधीच सांगत होतो. तू उगाच हट्ट केलास."

"अजून जून संपायचा आहे."

"तीन आठवड्यांत काय जादू होणार आहे? मी खोली सांगून ठेवतो." मग परसाकडे बघून म्हणाला, "झाडं मात्र झकास लावलीस हं. घरात कुणी असल्याचंसुद्धा कळत नाही."

आई माझ्याकडे बघत होती. त्याच्याकडे नाही.

१२ जून

हे सविस्तर लिहिते, कारण अजून मला ते नीट मांडता येत नाही.

सकाळी मी बांबूचे वाकलेले शेंडे कापत होते. पलीकडून आवाज आला.

"कात्री वाजतेय म्हणजे कुणीतरी आहे. इंजिनीअरबाई का?"

मी कापत राहिले.

"बाई गेल्या का तिकडं, मुलाकडं?"

"आई घरात आहे. तिला विश्रांती हवी आहे."

"विश्रांती! बाईंना!" तो हसला. "मला उभ्या नोकरीत दिली नाही हो त्यांनी. हातातला कप काढून घेऊन गाडीत बसवायच्या."

"म्हणून आता वरून टोमणे मारता? हिशेब चुकता करता?"

पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं गेला. मग म्हणाला, "पोरी, अख्खा डेपो बाईंना टरकायचा. उलट बोलणारा मी एकटा. लेटमार्क म्हणायच्या मला. आजारी पडल्यापासून सगळे भेटायला येऊन गेले ना? काय म्हणाले?"

काय म्हणाले ते मला आठवत होतं. 'देवाची मर्जी' म्हणाले, 'बिचारी' म्हणाले, आणि तेही तिच्यासमोर, जणू ती खोलीत नाहीच. मी ते त्याला सांगितलं नाही.

"तुमचं काही काम होतं का?" मी विचारलं.

"काम कसलं. मी आता नऊला उठतो. कुणी लेट म्हणणारं नाही." आणि मग त्या माणसाने, माझी पर्वा न करता, सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "ओ कंट्रोलरबाई! फलाट मोकळा आहे! गाडी आणू का नको?"

मी त्याला गप्प करायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागे जाळीचं दार आपटलं.

आई पायरीवर उभी होती. तिने कशालाच धरलं नव्हतं. आतून पायरीपर्यंत ती कुणाच्या आधाराने आली? घरात दुसरं कुणी नव्हतं. मी धावणार तर तिने डावा पंजा उघडून वर केला. मी थांबले. का थांबले ते सांगता येत नाही. असा हात वर झाला की माणूस थांबतो.

ती कठडा न धरता उतरली. खडबडीत फरशांवरून आली, पाय ओढत, बाकाकडे न बघता. मला ओलांडून गेली. कामिनीशी थांबेल असं वाटलं, पण ती सरळ आत घुसली. फांद्या मोडल्या, केसांत पानं अडकली, हाताला ओरखडा आला. बांबूच्या काठ्या मुठीत धरून ती उभी राहिली आणि बोलू लागली. एकेका शब्दाला इतका वेळ लागत होता की मधे दोनदा मला वाटलं, संपलं.

"लेटमार्क. आधी. सही कर. मग. गाडी लाव. मेल्या."

 पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज, आणि, "करतो, बाई. सही करतो."

आत आल्यावर रक्तदाब मोजला. वरचा आकडा मागच्या दोन महिन्यांतला सर्वांत जास्त. मी तो लिहिला. डॉक्टरांना कळवला नाही.

१४ जून

रोपवाटिकेच्या मालकाला बोलावून मधली बेटं काढायला लावली. बाजूची ठेवली. कामिनी त्या पट्ट्यात कमरेइतकी छाटली.

"एवढं छान वाढलंय, आणि काढता?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "मन नाही होत, ताई."

"मला होतं. खणा."

माझी मोजणी चुकली नव्हती, हे नोंदवून ठेवते. आडोसा मोजल्याप्रमाणेच काम करत होता. एका बाजूने बंद केलेली रेषा दुसऱ्या बाजूनेही बंद होते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं. मी ते साइटवरच्या शिकाऊ मुलांना शिकवलेलंही आहे.

फट उघडल्यावर दुर्बीण सज्ज्यात दिसला. त्याने शर्ट घातला होता. इस्त्री केलेला, खाकी. किती हा बटबटीतपणा.

१९ जून

भांडण सकाळी साडेसातला सुरू होतं. आज विषय टायर होता. आईचे शब्द मी मोजणं सोडलं आहे, कारण त्यातले निम्मे मला लिहवत नाहीत. छानछानने आज ते ऐकलं आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'छान' निघालं नाही.

२७ जून

दादा मोठी रिकामी बॅग घेऊन आला, आईचे कपडे भरायला. बॅग दिवाणखान्यात ठेवून विचारलं, "आई कुठे आहे?"

"मागे."

"कुणाबरोबर?"

"एकटी."

तो मागच्या दारात गेला आणि तिथेच उभा राहिला. आई फटीशी होती, पाठमोरी, दोन्ही हात मोकळे. वरून आवाज आला, "बाई, पाहुणे दिसतायत! तिकीट काढलंय का त्यांनी?"

आई सावकाश वळली. थोडी डगमगली. दादा पुढे झाला तर तिने पंजा वर केला आणि तो जागच्या जागी थांबला, बँकेतला एवढा मोठा अधिकारी. ती स्वतःच सावरली, फरशांवरून चालत आली, पायरी चढली आणि त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "विना. तिकीट." आणि आत गेली. दिवाणखान्यातून जाताना बॅगेला तिचा पाय लागला. उजवा. मुद्दाम की चुकून, ते मला सांगता येणार नाही.

दुपारी दादाने बॅग गाडीत ठेवली. म्हणाला, "सध्या राहू दे इथे. सोबतीच्या बाईचं बघ." हे वाक्य जणू त्यालाच सुचलं असावं, असं म्हणाला. 

निघताना तो पुन्हा परसात डोकावला. सज्ज्यात खाकी शर्ट होताच, हात हलवत.

"कोण हा अडाणी? रोज असा वरून ओरडतो? आईशी? आणि तू ऐकून घेतेस?" मग फटीकडे बोट दाखवून म्हणाला, "इथे काहीतरी लाव की. दोन्हीकडे एवढं दाट आणि बरोब्बर मधेच उघडं. मागच्या वेळी इथे होती ना झाडं?"

आयुष्यात कुंडीतली तुळससुद्धा जगवली नाही या माणसाने.

"होती," मी म्हणाले. "त्या पट्ट्यात पाण्याचा निचरा होत नाही. तिथे काही टिकत नाही."

दादाने मान डोलावली. मातीबद्दल कुणी ठामपणे बोललं की तो मान डोलावतो.